पालेभाजीतलं पोषण वाफ्यात कसं घडतं: खत, ऊन, पाणी आणि कापणीची वेळ

बाजारात मेथीचा, कोथिंबिरीचा भाव शेकड्यावर ठरतो. शंभर जुड्यांना एवढे रुपये. जुडी हाताला भरल्यासारखी वाटली पाहिजे, पान रुंद आणि काळसर हिरवं दिसलं पाहिजे, मग लिलावात बोली चढते. त्या पानात क जीवनसत्त्व किती, लोह किती, नायट्रेट किती साचलंय, हे तिथे कुणी विचारत नाही. त्यामुळे कापणीच्या आठ दिवस आधी युरियाचा एक हात फेकायचा आणि वरून भरपूर पाणी सोडायचं, ही रीत गावोगाव रुळली. मीही ती बरीच वर्षं पाळली. विकायला वेगळा वाफा आणि घरच्यासाठी वेगळा, असं करणारे शेतकरीही मी पाहिले आहेत. पोषणाची जाण नाही असं नाही, बाजार तिचे पैसे देत नाही एवढंच.

हा लेख घरच्या वाफ्यासाठी, गच्चीवरच्या कुंडीसाठी आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना थेट भाजी देणाऱ्यांसाठी आहे. पालक, मेथी, माठ, कोथिंबीर, शेपू ही नेहमीची पिकं डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

सुरुवात वाळवून वजन करण्यापासून

प्रयोगशाळेत न जाता घरी करता येणारी एक तपासणी आहे. ताजा तोडलेला, वरचं पाणी पुसलेला 100 ग्रॅम पाला मोजा. कडक उन्हात सुती कापडावर पसरा आणि हातात कुस्करल्यावर चुरा होईल इतका वाळला की पुन्हा मोजा. पालकात साधारण नव्वद टक्के पाणी असतं, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास सुका पाला उरायला हवा. मेथीत पाणी थोडं कमी असतं, तिथे तेरा ग्रॅमच्या आसपास उरतो. कापणीच्या तोंडावर युरिया आणि पाणी देऊन फुगवलेल्या पाल्याचं सुकं वजन यापेक्षा कमी भरतं. मी पहिल्यांदा दोन वाफ्यांचा पाला असा वाळवून पाहिला, तेव्हा जास्त भारी जुडी देणारा वाफा वाळल्यावर हलका निघाला.

सुकं वजन कमी भरलं की खनिजं, प्रथिनं, तंतू हे सगळंच दर शंभर ग्रॅममागे पातळ होतं. वाढ झपाट्याने झाली आणि मुळांना तेवढ्या वेगाने खनिजं उचलता आली नाहीत की असं होतं. अमेरिकेत 2004 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भाजीपाल्याच्या 43 पिकांची 1950 आणि 1999 च्या सुमाराची पोषणमूल्यं ताडून पाहिली होती. प्रथिनं, कॅल्शियम, स्फुरद (फॉस्फरस), लोह, रायबोफ्लेविन आणि क जीवनसत्त्व या सहा घटकांत घट आढळली. जास्त उत्पादनासाठी निवडलेले वाण हे त्यामागचं एक कारण असावं, असं अभ्यासकांनी सुचवलं होतं.

पानात काय चालतं

हे एकदा समजलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप लक्षात राहतात.

मुळं जमिनीतून नत्र (नायट्रोजन) घेतात ते मुख्यतः नायट्रेटच्या रूपात. पानात आल्यावर झाडाला त्याचं प्रथिन बनवायचं असतं. त्यासाठी नायट्रेट रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं आणि उन्हातून मिळालेली ऊर्जा लागते. ऊन भरपूर असेल तर आलेलं नायट्रेट खर्च होतं. ऊन कमी आणि नत्र जास्त असेल तर झाड ते पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत साठवून ठेवतं. श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात, दाट सावलीच्या जाळीखाली किंवा भिंतीच्या आडोशाला वाढलेल्या पालकात नायट्रेट जास्त सापडतं ते यामुळे. देठात ते पात्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

क जीवनसत्त्वाचं गणित याच्या उलट चालतं. ते साखरेपासून बनतं आणि साखर उन्हात तयार होते. ऊन कमी झालं की क कमी होतं आणि नत्र जास्त झालं तरी कमी होतं. म्हणजे एकाच चुकीने नको ते वाढतं आणि हवं ते घटतं.

पण नत्र वैरी नाही. नत्र वाढवलं की हरितद्रव्य, बीटा कॅरोटीन, प्रथिनं आणि के जीवनसत्त्व एका मर्यादेपर्यंत वाढतात. उपाशी, पिवळट, लवकर तुऱ्यावर आलेला पालकही पौष्टिक नसतो. खत बंद करा असं मी कुणालाही सांगत नाही. किती द्यायचं आणि शेवटचं कधी द्यायचं, याचाच हा प्रश्न आहे.

नायट्रेटच्या नावाने घाबरवणारे संदेश फिरतात, म्हणून आकडे समोर ठेवतो. नायट्रेटचं रोजचं स्वीकारार्ह प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे 3.7 मिलिग्रॅम धरलं जातं. साठ किलोच्या माणसाला ते 222 मिलिग्रॅम होतं. युरोपीय संघाने ताज्या पालकासाठी किलोला 3500 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली आहे. किलोला 2500 मिलिग्रॅम असलेला, म्हणजे त्या मर्यादेत बसणारा पालक 100 ग्रॅम खाल्ला तरी 250 मिलिग्रॅम पोटात जातं. तरीही युरोपातल्या तज्ज्ञांनी 2008 साली पालेभाजीचे फायदे या धोक्यापेक्षा मोठे ठरवले, आणि बिटाच्या रसातलं नायट्रेट रक्तदाब थोडा उतरवतं हेही दिसलेलं आहे. मोठ्या माणसांनी भिऊन भाजी सोडण्यासारखं काही नाही. मात्र पिकवणाऱ्याच्या हातात ते कमी ठेवणं असेल तर का ठेवू नये?

पहिली पायरी: जमीन ओळखा

देशावरच्या काळ्या जमिनीचा सामू (pH) बहुधा साडेसातच्या वर असतो आणि तिच्यात चुनखडी असते. अशा जमिनीत लोह आणि जस्त असतात, पण मुळांना घेता येत नाहीत. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर तो केवडा, म्हणजे लोहाची उपासमार. चुनखडी आहे का हे पाहायला मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. फसफसलं तर आहे.

कोकणातल्या जांभ्या जमिनीचं दुखणं वेगळं. ती आम्लधर्मी, लोह मुबलक, पण धो धो पावसात पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून गेलेले. तिथे लोहाच्या फवाऱ्यावर पैसे घालवू नका. चुना, किंवा मॅग्नेशियमही देणारा डोलोमाइट, माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे टाका. आम्ल जमिनीत कॅडमियमसारखे जड धातूही पाल्यात जास्त शिरतात, तेव्हा सामू वर आणणं तिथे दोन्ही अंगांनी उपयोगी.

माती परीक्षण करून घ्याच. 2015 पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबी तपासल्या जातात आणि त्यात जस्त, लोह, बोरॉन, गंधकही असतात. बरेच जण फक्त नत्र, स्फुरद, पालाश वाचून पत्रिका कपाटात ठेवतात. पालेभाजीवाल्याने खालच्या ओळी आधी वाचाव्यात.

दुसरी पायरी: हंगामाला शोभेल ते पेरा

मेथी, पालक, शेपू, चाकवत, करडई ही थंडीची पोरं. स्वच्छ ऊन आणि गार रात्री मिळाल्या की त्यांच्या पानात साखर आणि क जीवनसत्त्व चांगलं भरतं. उन्हाळ्यात त्यांना जाळीखाली ओढूनताणून वाढवण्यापेक्षा माठ, राजगिरा, चवळई, घोळ लावा. ही पिकं कडक उन्हाचा उपयोग करून घेणारी आहेत. लाल माठाचा रंगही उन्हातच खुलतो. पावसाळ्यात अंबाडी आणि अळू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम पालकात लोह सुमारे 3 मिलिग्रॅम आणि कॅल्शियम 80 च्या आसपास आहे. मेथीत लोह साडेपाचच्या पुढे आणि कॅल्शियम 270 च्या आसपास. हिरव्या माठात कॅल्शियम तीनशेच्या वर. म्हणजे लोहासाठी फक्त पालकाचं नाव घेण्याची आपली सवय तपासून पाहायला हवी. खताच्या फरकाने जेवढं पोषण बदलतं, त्याहून जास्त कधीकधी पीक बदलल्याने बदलतं. म्हणून वाफ्यात तीन-चार प्रकार असू द्या.

तिसरी पायरी: वाफा भरणं, एका गुंठ्याचा हिशेब

गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. हेक्टरी 80 किलो नत्र, 40 किलो स्फुरद, 40 किलो पालाश हा पालकासाठीचा हिशेब धरला तर गुंठ्याला 800 ग्रॅम नत्र आणि प्रत्येकी 400 ग्रॅम स्फुरद व पालाश येतं. तुमच्या मातीचा अहवाल हाताशी असेल तर आकडे त्याप्रमाणे बदला.

चांगलं कुजलेलं शेणखत 200 किलो मिसळा. शेणखतात अर्धा टक्का नत्र धरलं तर त्यातून एक किलो नत्र येतं, पण पहिल्या हंगामात त्यातला पाव भागच हाती लागतो. उरलेलं साधारण 550 ग्रॅम नत्र वरून द्यायचं. युरियात 46 टक्के नत्र असतं, तेव्हा पूर्ण हंगामाला एक किलो 200 ग्रॅम युरिया पुरे. पुष्कळ ठिकाणी एका गुंठ्यावर याच्या दुप्पट-तिप्पट पडतो.

स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट अडीच किलो घ्या. डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खतापेक्षा मला ते पालेभाजीला जास्त पसंत आहे, कारण त्यातून गंधक आणि कॅल्शियमही मिळतं. गंधक मिळालं की मुळा-मोहरीच्या कुळातल्या पाल्याचा तिखटपणा आणि वास नीट उतरतो. आणखी एक कारण आहे. दर पिकाला सवयीने डीएपी टाकत गेलं की जमिनीत स्फुरद साचतं आणि जास्तीचं स्फुरद जस्ताला झाडात शिरू देत नाही. अहवालात स्फुरद भरपूर दाखवलं असेल तर त्या हंगामात ते अजिबात टाकू नका.

पालाश सल्फेट ऑफ पोटॅशमधून 800 ग्रॅम. पालाश कमी पडलं तर क जीवनसत्त्व घटतं, फार झालं तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मागे पडतात. म्युरेट ऑफ पोटॅश वापरायचं तर 650 ते 700 ग्रॅम. त्यातलं क्लोराइड पेशीत नायट्रेटची जागा घेतं, त्यामुळे साचणारं नायट्रेट थोडं कमी होतं. पण जमीन किंवा पाणी क्षारयुक्त असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मेथीला यातलं निम्मं नत्रही पुरतं. ती शेंगवर्गीय आहे, मुळांवर गाठी धरते. बियाण्याला मेथीसाठीचं रायझोबियम संवर्धक चोळून पेरा आणि विसाव्या दिवशी एक रोप हलक्या हाताने उपटून गाठी बघा. सुरुवातीलाच जास्त युरिया टाकलेल्या वाफ्यात गाठी फारशा दिसत नाहीत, कारण झाडाला त्यांची गरजच उरत नाही.

गच्चीवरच्या मंडळींसाठी हाच हिशेब: एका चौरस फुटाला पूर्ण हंगामात दीड ग्रॅम युरिया, म्हणजे चहाच्या चमच्याच्या निम्म्याहूनही कमी. 19:19:19 हे विद्राव्य खत असेल तर चार ग्रॅम, तेही तीन-चार वेळा विभागून पाण्यातून. कुंडीत अर्धी माती कंपोस्ट असेल तर यातलं काहीच लागणार नाही. कुंडीत चमचा-चमचा खत टाकून पान काळंशार झालं म्हणून खूश होणारे बरेच जण भेटतात, त्यांना मी आधी हा हिशेब करायला लावतो.

चौथी पायरी: शेवटचं नत्र

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. युरिया तीन हप्त्यांत द्या. पेरताना 400 ग्रॅम, पंधरा दिवसांनी 400 ग्रॅम, उरलेला पहिल्या कापणीनंतर लगेच. पालकाची पहिली कापणी तीस-पस्तीस दिवसांनी येते आणि पुढच्या पंधरा ते वीस दिवसांच्या अंतराने. कापणीनंतरचं खत दुसऱ्याच दिवशी खुरपून, वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना द्यायचं. मग पुढच्या कापणीपर्यंत आपोआप दोन आठवडे मिळतात. कापणीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत नत्राचं काहीही द्यायचं नाही: युरिया नाही, कॅल्शियम नायट्रेट नाही, 19:19:19 चा फवारा नाही, कोंबडी खताचं पाणीही नाही. या दिवसांत झाड साठवलेलं नायट्रेट वापरून टाकतं.

ढग असतील तर आणखी चार दिवस वाढवा. ऊन नाही तर नायट्रेट खर्च करायला झाडाच्या हाती ऊर्जा नाही.

पालक आणि माठाच्या बाबतीत ऑक्झॅलेटही लक्षात घ्यायला हवं. पालकातलं कॅल्शियम शरीराला फार कमी मिळतं ते ऑक्झॅलेटने बांधून ठेवलेलं असतं म्हणून, आणि मूतखड्याचा त्रास असलेल्यांना डॉक्टर पालक कमी करायला सांगतात तेही याचमुळे. नायट्रेट रूपातलं नत्र पानात वापरलं जाताना झाड सेंद्रिय आम्लं तयार करतं, आणि पालकाच्या बाबतीत त्यातलं एक म्हणजे ऑक्झॅलिक आम्ल. म्हणून ठिबकातून कॅल्शियम नायट्रेट सतत सोडणं पालकाला मानवत नाही. त्यातलं कॅल्शियम उपयोगी असलं तरी नायट्रेट दोन्ही बाजूंनी अडचण वाढवतं. अमोनियम रूपातलं किंवा हळूहळू सुटणारं नत्र बरं. निंबोळी पेंड मिसळलेलं शेणखत आणि 2015 पासून सगळीकडे मिळणारा निमकोटेड युरिया त्या जातीचा आहे.

पाचवी पायरी: लोह आणि जस्त

चुनखडीच्या जमिनीत फेरस सल्फेट नुसतं मातीत टाकलं तर ते थोड्याच दिवसांत बांधलं जातं. गुंठ्याला 250 ग्रॅम फेरस सल्फेट दहा पट शेणखतात कालवून, ओलसर ठेवून, आठवडाभर सावलीत मुरवा आणि मग सरीत द्या. झिंक सल्फेट गुंठ्याला 200 ते 250 ग्रॅम, तेही दर हंगामाला नको, दोन-तीन हंगामांतून एकदा. झिंक सल्फेट आणि स्फुरदाचं खत एकाच बादलीत मिसळू नका, दोन्ही वाया जातात.

केवडा दिसलाच तर फवारा: लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी, कोवळ्या पानावर, पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांच्या आत. उशिरा मारलेला फवारा पानावर डाग ठेवतो आणि आपण तो धुऊन टाकतो. जस्ताचं प्रमाण पाल्यात जमिनीतून व फवाऱ्यातून चांगलं वाढवता येतं. लोहाचं तेवढं सहज वाढत नाही. फवारलेल्या लोहाने झाड हिरवं होतं, उत्पादन वाढतं, पण खाणाऱ्याच्या रक्तातलं लोह त्याने हमखास वाढेल असं मानू नका.

ऊन आणि शेडनेट

उन्हाळ्यात कोथिंबिरीला भाव असतो म्हणून शेडनेट उभं राहतं. तिथे काय करायचं? पन्नास किंवा पंचाहत्तर टक्क्यांच्या जाळीऐवजी पस्तीस टक्क्यांची निवडा. जाळी कायमची ताणून न ठेवता बाजूला सारता येईल अशी बांधा. सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर उघडी, मधल्या वेळात झाकलेली. कापणीच्या आधीचे चार-पाच दिवस, उन्हाचा कडाका सोसण्यासारखा असेल तर, पूर्ण उघडी. पाला थोडा खरबरीत होईल, थोडा आखूड राहील. मात्र वास तुम्हाला वाफ्याच्या कडेला उभं राहूनच कळेल.

दाट पेरणीनेही सावली पडते. फेकून पेरलेल्या मेथीत खालची पानं ऊन न मिळाल्याने पांढुरकी, लांब देठाची होतात. ओळीत पेरा, दहा-बारा दिवसांनी विरळणी करा. उपटलेली कोवळी रोपं कोशिंबिरीत जातात, वाया काही जात नाही.

बाल्कनीत तीन-चार तासच ऊन येत असेल तर नत्र निम्म्यावर आणा. सावलीत वाढणाऱ्या पिकाला पूर्ण मात्रा दिली की ती जवळजवळ सगळी नायट्रेट होऊन पानात बसते.

पाणी: किती आणि कुठलं

वाफसा टिकेल एवढं पाणी. सतत चिखल ठेवला तर मुळांना हवा मिळत नाही आणि खनिजं उचलणं मंदावतं. कापणीच्या आधी दोन-तीन दिवस पाणी जरा हात आखडून दिलं तर पाला घट्ट होतो, सुकं वजन सुधारतं. कोमेजेपर्यंत ताणू नका, पान चिवट होतं आणि पालक तुऱ्याला येतो.

विहिरीच्या पाण्यातही खत असतं, हे फार थोडे जण मोजतात. बागायती पट्ट्यात वर्षानुवर्षं टाकलेला युरिया झिरपून विहिरीत उतरलेला असतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. तेवढं नायट्रेट असलेलं 10 हजार लिटर पाणी महिनाभरात गुंठ्याला दिलं तर त्यातून सुमारे 100 ग्रॅम शुद्ध नत्र जातं, म्हणजे 220 ग्रॅम युरिया. तुमच्या पाण्यात याच्या दुप्पट असेल तर युरियाचा एक पूर्ण हप्ता विहीरच देते. पाण्याची तपासणी एकदा करून घ्या आणि तेवढं वजा करा.

नाल्याच्या, कारखान्याच्या सांडपाण्यावर पालेभाजी अजिबात नको. मुंबईत लोकलच्या रुळांलगत वाढलेल्या पालेभाजीबद्दल लोक वर्षानुवर्षं काळजी व्यक्त करत आले ते याच पाण्यामुळे. शिसं आणि कॅडमियम पालेभाज्या फळभाज्यांपेक्षा जास्त उचलतात. मुळातून पेशीत शिरलेलं कॅडमियम धुऊन, मिठाच्या पाण्यात बुडवून निघत नाही. रस्त्याची धूळ पानावर बसलेली असते, ती तेवढी धुण्याने जाते.

सेंद्रिय म्हणजे आपोआप पौष्टिक?

2014 साली 343 शोधनिबंध एकत्र तपासणारा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. सेंद्रिय पिकांत ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं जास्त, कॅडमियम आणि नायट्रेट कमी, असा कल त्यात दिसला. माझ्या मते त्यातला मोठा भाग नत्र हळू सुटण्याचा आहे. म्हणजे शेणखत-गांडूळखतावर संयमाने वाढवलेल्या पाल्यात हा फायदा मिळतो. पण कोंबडी खताचा जाड थर टाकून, वर रोज स्लरी ओतून वाढवलेला पालक सेंद्रिय असूनही नायट्रेटने भरलेला असू शकतो. झाडाला नायट्रेट कुठून आलं हे कळत नाही.

आणि कच्चं शेण पालेभाजीत कधीच नको. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत, मातीला टेकणारा भाग खाल्ला जाणार असेल तर कच्चं शेणखत आणि कापणी यांत 120 दिवसांचं अंतर सांगितलं आहे. आपली मेथी तीस दिवसांची. शेण-गोमूत्राचं जीवामृत वापरत असाल तर मुळाशी, सुरुवातीच्या दिवसांत द्या. कापणीच्या आठवड्यात पानांवर फवारू नका, त्यातले जंतू कोथिंबिरीवरून थेट ताटात येतात.

कापणी

दुपार उलटल्यावर कापा. रात्रभर ऊन नसल्याने पहाटेच्या पानात नायट्रेट जास्त असतं. दिवसभराच्या उन्हात ते उतरत जातं आणि साखर वाढते. चार-पाचच्या सुमारास कापून लगेच सावलीत न्या आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवा. घरी खायचं तर संध्याकाळी तोडा आणि रात्रीच्या जेवणात करा, याहून चांगलं काही नाही.

पालक फार मोठा होऊ देऊ नका. थोराड बाहेरच्या पानांत, जाड देठांत नायट्रेट जास्त असतं. बाजारासाठी जुडी बांधताना देठ लांब ठेवावा लागतो, घरी मात्र जाड देठ काढून टाका.

कापल्यानंतर क जीवनसत्त्व सगळ्यात आधी पळतं. उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या पालकातलं ते तीन-चार दिवसांत बहुतेक संपतं. फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व थंडीतही हळूहळू कमी होतं. ओलसर कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपेल एवढंच. चांगला पिकवलेला पाला चार दिवस टोपलीत राहिला तर मेहनत फुकट गेली.

चुलीपर्यंत

आधी धुवा, मग चिरा. उलट केलं तर क आणि फोलेट पाण्याबरोबर मोरीत जातं.

पालक आणि माठ भरपूर पाण्यात एक-दोन मिनिटं उकळून ते पाणी टाकलं तर विरघळणारं ऑक्झॅलेट आणि नायट्रेट बरंचसं निघून जातं, पण क आणि फोलेटही जातं. घरात मूतखड्याचा त्रास असेल तर हे करा, नाहीतर रोज गरज नाही. ताकातला पालक ही आपली जुनी भाजी या दृष्टीने फार चांगली आहे. ताकातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला पातेल्यातच आणि पोटातच बांधून टाकतं, ते रक्तात कमी जातं. मेथीत ऑक्झॅलेट कमी, तिचं पाणी फेकू नका. वरून लिंबू पिळा, ते गॅस बंद केल्यावर, म्हणजे त्यातलं क टिकतं आणि मेथीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

शिजवलेली पालेभाजी रात्रभर ओट्यावर ठेवू नका. उबेत जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. उरलीच तर निवल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पालकाचं पाणी द्यायची काही घरांत पद्धत आहे, ती बंद करा. एवढ्या लहान बाळाच्या रक्ताला नायट्राइट सोसत नाही. वरचं अन्न सुरू झाल्यावर पालेभाजी द्या, ती त्याच दिवशी तोडलेली आणि त्याच वेळी शिजवलेली.

आणि तो वाळवून मोजण्याचा प्रयोग प्रत्येक हंगामात एकदा करा. एकाच वाफ्याचे दोन भाग पाडा. एका भागाला युरियाचा शेवटचा हप्ता द्या, दुसऱ्याला देऊ नका. दोन्हीकडचा पाला एकाच संध्याकाळी कापा, शंभर-शंभर ग्रॅम वाळवा आणि वहीत पेरणीची तारीख, शेवटच्या खताची तारीख, ढगाळ दिवस आणि सुकं वजन एवढं लिहून ठेवा. दोन-तीन हंगामांची वही भरली की तुमच्या जमिनीसाठी शेवटचं खत कितव्या दिवशी थांबवायचं, हा आकडा तुमच्याकडेच तयार असेल.